भंडारदऱ्याच्या काठावर कोळशाची शेगडी: काय न्यावं, काय घरी ठेवावं

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही पाच जण भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करून आलो. मी, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, मग घोटीला महामार्ग सोडून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीवरून शेंडी. रस्ता चांगला आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. मुक्काम शेंडी-रतनवाडी रस्त्यालगत एका शेतकरी कुटुंबाच्या भातखाचरात होता. भात कापून झालेलं, जमिनीत फक्त धसकटं उरलेली, आणि समोर आर्थर लेकचं पाणी. हा जलाशय प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा. धरण १९२६ साली पूर्ण झालं.

रात्रीचं सगळं जेवण कोळशावर करायचं असं ठरवूनच निघालो होतो. त्यासाठी दोन शेगड्या नेल्या. एक ऑनलाइन मागवलेली घडीची, पातळ पत्र्याची, पाय दुमडून पिशवीत मावणारी. दुसरी आईच्या माळ्यावरची बिडाची गोल शेगडी, सात किलोची. ती गाडीत चढवताना भाऊ म्हणाला, "ताई, हे ओझं कशाला?" रात्री स्वयंपाक मात्र तिच्यावरच झाला.

कारण वारा. सूर्य डोंगराआड गेला आणि पाण्यावरून वारा सुटला. घडीच्या शेगडीला बाजूंनी मोठी भोकं होती आणि ती बंद करायची काही सोय नव्हती. वारा आत शिरला की कोळसा भडाभडा पेटायचा, वारा पडला की मलूल. अर्ध्या तासात पत्रा एका कोपऱ्यात वाकला, जाळी कलली आणि दोन कांदे निखाऱ्यात पडले. बिडाच्या शेगडीला खाली एकच तोंड होतं. ते वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं आणि समोर एक चपटा दगड पुढे-मागे सरकवत राहिलो. आच हवी तेवढी. जाड बीड एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे निखारे थोडे मंदावले तरी तवा थंड पडत नाही.

म्हणून शेगडी घेताना आधी तिचं हवेचं तोंड बघा. ते तळाशी हवं आणि कमी-जास्त करता आलं पाहिजे. राख खाली पडायला आत जाळी हवी, नाहीतर राखेनं हवा कोंडते आणि कोळसा विझतो. पाय जमिनीपासून निदान चार बोटं उंच आणि पसरट असावेत. गाडीनं जाणार असाल तर बीड किंवा जाड पत्रा घ्या. पाठीवर ओझं घेऊन चढायचं असेल तर कोळशाचा नाद सोडा. वरची जाळी स्टेनलेस स्टीलची बघा. जस्ताचा मुलामा दिलेली नको, फार तापली की जस्ताचा धूर निघतो.

कोळसा घरूनच न्या, आणि तो लाकडी, म्हणजे लोणारी. दगडी कोळशावर खायचं काही भाजू नये, गंधकाचा वास लागतो. लाकडी कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. खणखणीत वाजले तर नीट जळून तयार झालेला आहे. बद्द वाजला, हाताला जड लागला तर तो ओला तरी असेल किंवा अर्धाकच्चा, आणि डोळ्यांत धूर भरेल. भुशाचे किंवा करवंटीच्या भुकटीचे ठोकळेही मिळतात. ते उशिरा पेटतात पण एकसारखे आणि जास्त वेळ जळतात. आम्हाला रात्रीला दोन किलोच्या आसपास लोणारी कोळसा लागला.

पेटवायला रॉकेल अजिबात नको, वांग्याला वास येतो. कापराच्या दोन वड्या, वर करवंटीचे तुकडे, त्यावर कोळसा आणि फुंकणी. पंचवीस मिनिटं धरून चला. मुलांना भूक लागण्याच्या आधी पेटवा. कोळशावर पांढरी राख चढली की भाजायला घ्यायचं, ज्वाळा दिसत असताना नाही. तळहात जाळीच्या वर वीतभर धरायचा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंतच सोसवला तर आच चिकनसाठी फार कडक आहे, पाच-सहापर्यंत सोसवला तर बरोबर. निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला विरळ ठेवले की करपू लागलेला तुकडा सरकवायला जागा राहते.

आधी वांगी भाजली. भरितासाठी याहून चांगली आच मला माहीत नाही. साल काळीकुट्ट होऊन आतला गर पाण्यासारखा मऊ झाला, वर कच्चा कांदा, मिरची, कच्चं तेल. मग घरून दही-मसाला लावून बर्फाच्या डब्यात आणलेलं चिकन. सळया चपट्या घ्या, गोल सळईवर तुकडा गरगर फिरतो आणि एकाच बाजूनं भाजतो. चिमटे दोन हवेत, एक कच्च्या चिकनला आणि एक शिजलेल्याला. भाकऱ्या शेताच्या मालकीणबाईंनी, मावशींनी, करून दिल्या. त्यांनी तव्यावरून काढलेली भाकरी थेट निखाऱ्यालगत उभी केली आणि ती टम्म फुगली. भात कोळशावर करू नका. पाणी उकळायलाच फार वेळ जातो.

शेगडी कुठे मांडायची हेही मावशींनीच सांगितलं. "ताई, गवतापासून लांब मांडा. ठिणगी उडाली तर डोंगर पेटतो." हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे आणि डिसेंबरात गवत कोरडंठाक असतं. जंगलात शेगडीही पेटवू नका. मुक्कामाच्या शेतात, मालकांना विचारून, भुईवरचं गवत दोन हात साफ करून मांडा. पाण्याची भरलेली बादली शेजारी हवीच.

जेवणं झाली तेव्हा थंडी फार वाढली होती. भाचा म्हणाला, "आत्या, थोडे निखारे घमेल्यात घालून तंबूत ठेवूया ना." मी त्याला जवळ बसवून नीट समजावलं, आणि इथेही तेवढ्याच कळकळीनं लिहिते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त जोरानं धरून ठेवतं. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. शेगडी तंबूत नको, गाडीत नको, बंद खोलीतही नको. पाऊस आला तरी तंबूच्या झापेखालीसुद्धा आणू नका. उबेसाठी एक जास्तीचं पांघरूण न्या.

झोपण्याआधी उरलेले निखारे राखेसकट पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं, हे मी यादीत लिहून नेलं होतं. डबा गाडीतच विसरला होता. अंधारात तो शोधत न बसता निखारे शेगडीतच राखेखाली दाबले, तोंडाला दगड लावला आणि शेगडी उघड्या मातीवर, तंबूपासून लांब ठेवली. सकाळी सात वाजता राख चिमट्यानं बाजूला केली तर मधे तीन निखारे लालबुंद होते. नऊ तासांनी! रात्री ती राख विझली समजून गवतात ओतली असती तर काय झालं असतं, हे मावशींना सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्याच निखाऱ्यांवर करवंटीचे चार तुकडे टाकून फुंकर मारली, आणि आम्ही चहाचं आधण ठेवलं.

निघताना सगळ्या राखेवर पाणी ओतून, ढवळून, परत ओतलं. हाताला गार लागेपर्यंत. मग ती डब्यात भरून घरी आणली.