माझी प्रतिकारशक्ती कृपया वाढवू नका

खोकल्याची ढास लागली की कुणीतरी सांगतंच, "प्रतिकारशक्ती कमी पडतेय तुझी, वाढव." मी मान डोलावते आणि इन्हेलर ओढते. माझ्या रिपोर्टात आयजीईचा, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाचा, आकडा २,००० च्या वर गेला होता. शक्ती कमी नाहीच, ती भलतीकडे उधळलीये.

दमा जुनाच. पण कफातून तपकिरी, रबरासारख्या गुठळ्या पडायला लागल्या तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी 'एबीपीए' हे नाव काढलं. म्हणजे ॲस्परजिलस बुरशीची फुफ्फुसातली ॲलर्जी. ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात सगळीकडे असते. तिचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे, त्यामुळे नाक-घसा चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. रोज शेकड्यांनी आपण ते ओढतो, आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही.

का लागत नाही, हे वाचताना मी आजार विसरले होते. झोपलेल्या बीजाणूवर 'रोडए' प्रथिनाचं पाणी न धरणारं आवरण असतं. त्याच्या आत काय आहे ते आपल्या पेशींना कळतच नाही. ऊब आणि ओलावा मिळून बीजाणू फुगला की आवरण सुटतं, खालचं बीटा-ग्लुकान (बुरशीच्या भिंतीतली साखरसाखळी) उघडं पडतं आणि पेशींवरचा 'डेक्टिन-१' नावाचा ग्राहक ते ओळखतो. म्हणजे आरडाओरडा फक्त उगवू पाहणाऱ्यावर! येणाऱ्या प्रत्येक बीजाणूसाठी सूज आली असती तर श्वास घ्यायचा कसा?

वायुकोशांतल्या मॅक्रोफेज पेशी बीजाणू गिळून टाकतात. त्यातूनही एखादा उगवून त्याचा तंतू झालाच, तर तो गिळायला फार लांब. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन त्याच्यावर बाहेरूनच मारा करतात. केमोथेरपीत याच न्यूट्रोफिलची संख्या कोसळते आणि तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात. तो आजार वेगळा, जिवावरचा.

माझ्याकडे बुरशी आत घुसत नाही, श्वासनलिकांतल्या चिकट कफात ठाण मांडते. शरीर तिच्याशी जंतांशी लढल्यासारखं लढतं: आयजीई, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, सगळा लवाजमा. त्याने सूज वाढते, कफ आणखी घट्ट होतो, बुरशीला आणखी जागा मिळते. सीटी स्कॅनमध्ये काही श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या दिसल्या. ते नुकसान बरंचसं माझ्याच शिपायांनी केलेलं.

उपचारही गमतीचे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड त्या शिपायांना आवरतं, पण चांगल्या पहारेकऱ्यांनाही गुंगवतं. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. सोबत बुरशीसाठी इट्राकोनॅझोल: कॅप्सूल भरल्या पोटी, जवळपास अँटासिड नको. हे दुसरं मला कळेपर्यंत पहिले दहा दिवस फुकट गेले असावेत.

परवाच्या तपासणीत आकडा निम्म्यावर आलाय. तो नॉर्मलला येईलच असं नाही, डॉक्टरांनी आधीच बजावलंय. गुठळ्या मात्र थांबल्या. कुंड्यांची माती आता भाऊ उकरतो. मी खिडकी लावून काचेमागून हातवारे करते, आणि तो बरोबर उलटं करतो.