गिम्हेच्या आज्यांकडे पोहे

दक्षिण कोरियातल्या गिम्हे शहरात आपण भारतातले आहोत एवढं कळायचा अवकाश, की गाडी थेट अयोध्येवर येते. गाया राज्यातला पहिला राजा सुरो इथला. त्याची राणी हो ह्वांग-ओक इ.स. ४८ मध्ये ‘आयुता’ देशातून जहाजानं आली, असं ‘सामगुक युसा’ या १३व्या शतकातल्या ग्रंथात आहे. आयुता म्हणजे अयोध्याच, हे इतिहासकारांना एकमतानं मान्य नाही. ग्रंथच मुळी हजारावर वर्षांनी लिहिलेला, आणि त्यात राणी १५७ वर्षं जगते! पण हे गिम्हेच्या आज्यांना कोण सांगणार?

गेल्या शनिवारी आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठांच्या मंडळानं आम्हा भारतीय कुटुंबांना बोलावलं होतं. सकाळी त्यांनी समाध्या दाखवायच्या, दुपारी आम्ही त्यांना खाऊ घालायचं. राजाची समाधी म्हणजे हिरवळ चढवलेला मोठा गोल उंचवटा. दारावर समोरासमोर दोन मासे रंगवलेत; तेही तुमच्याकडचेच, असं एका आजोबांनी ठणकावून सांगितलं. राणीची समाधी थोडी लांब, टेकडीच्या पायथ्याशी. तिथं लालसर दगडांची झिजलेली उतरंड आहे. समुद्र शांत राहावा म्हणून राणीनं हे दगड जहाजात घातले होते म्हणे.

आजोबा स्वतः गिम्हे किम, म्हणजे राजा सुरोच्या वंशातले. या कुळाचे कोरियात ४० लाखांवर लोक आहेत. राणीच्या दोन मुलांनी आईचं ‘हो’ हे आडनाव लावलं, म्हणून किम आणि हो यांच्यात सोयरीक करायची नाही अशी जुनी रीत. सगोत्राचं हे प्रकरण मला समजावून सांगावं लागलं नाही.

ज्येष्ठांच्या बैठकीच्या खोलीत चपला बाहेर काढून गेलो. खालून तापवलेली जमीन, एका कोपऱ्यात आज्यांचा ह्वातू पत्त्यांचा डाव, आल्या आल्या हातात पुडीची गोड कॉफी. मग वय विचारून झालं, लग्न, मुलं, नवऱ्याचा पगार. हे सगळं साताऱ्यात ऐकून माझे कान तयार आहेत.

मी पोहे केले. कढीपत्ता दोंगसांग-दोंगच्या बाजारातून आणला होता. तिथं परदेशी कामगारांसाठी आशियाई किराणा मिळतो. मोहरी तडतडली तशा दोघी आज्या मागं सरकल्या. खाताना मात्र मिरच्या चावून खाल्ल्या आणि कढीपत्ता तेवढा ताटलीच्या कडेला नीट रचून ठेवला. एकीनं उठून फ्रिजमधली किमची आणली आणि न विचारता माझ्या पोह्यांवर वाढली. आंबट-तिखट, लिंबाची गरजच उरली नाही. घरी करून बघा.

निघताना जवळच्या जिन्यंगची गोड पर्सिमन फळं पिशवीभर मिळाली. मी अयोध्येची नाही, तिथून दीडेक हजार किलोमीटरवरची, हे शेवटी सांगितलंच. आजी म्हणाल्या, “असू दे, राणीच्या माहेरचीच ना? पुढच्या वेळी मिरच्या जास्त घाल.”