विदर्भात गाडीला हीटर कशाला?

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखात हीटर कोअर बदलण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड घरच्या अंगणात का खोललात, दोन्ही होजपाइप एकमेकांना जोडून बायपास का केला नाही, असे मला साकोलीच्या बाजारापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारले जाते. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर; इंजिन गार ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, गरम होऊन होजपाइपांतून त्यात येते आणि त्यावरून जाणारी हवा ऊब देते. बायपास केला की कूलंट त्यात येतच नाही.

बायपासने इंजिनाचे काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. पूर्वी मीच हा सल्ला देत असे आणि इंजिनापुरता तो आजही खोटा नाही. पण आपल्याकडे हीटरचे खरे काम ऊब देण्याचे नसून डिसेंबर-जानेवारीत काचेवर आतून धरणारी वाफ घालवून काच साफ ठेवण्याचे आहे.

दम्याच्या तपासणीसाठी बाबांना पहाटे भंडाऱ्याला नेत होतो. गाडीत गोडसर वास काही दिवसांपासून येत होता, कूलंट कमी होत होते आणि गाडीखाली मात्र थेंबही दिसत नव्हता. साकोलीच्या अलीकडे समोरची काच आतून धुरकटली. फडक्याने पुसली तर तेलकट थर पसरला आणि समोरून येणाऱ्या धानाच्या ट्रकचे दिवे त्यात फुटून सगळी काच पांढरी झाली. तेवढ्यात बाबा ओरडले. डॅशबोर्डखालून गरम कूलंट त्यांच्या चपलेतल्या पायावर गळत होते. गाडी कशीबशी कडेला घेतली. ते बांधावर बसून धापा टाकत होते, पायावर लाल चट्टा उठला होता आणि मी बाटलीतले पिण्याचे पाणी त्यावर ओतत होतो. दवाखान्यात आम्ही दुसऱ्याच्या गाडीने पोहोचलो.

यावर ‘एसी लावायचा’ असे सांगणारे भेटतात. एसी हवा कोरडी करतो, हे खरे. पण थंडीच्या पहाटे दम्याच्या माणसावर गार वारा सोडायचा का, याचे उत्तर ते देत नाहीत.

गॅरेजमध्येही बायपासच सुचवला गेला, म्हणून मी स्वतः हात घातला. एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून आधी बॅटरीची ऋण तार काढून थांबलो, इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंट काढले आणि प्रत्येक स्क्रू कुठला ते लिहून ठेवले. जुन्या कोअरच्या नळ्यांच्या तोंडाशी बोअरच्या पाण्याच्या बादलीत धरतो तसलाच पांढरा क्षार होता. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये तेच पाणी पडले होते. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले आहे.

एवढे करूनही बाबा पुढच्या सीटवर बसत नाहीत. त्यांना बायपासच पटला असता, असे ते आजही म्हणतात आणि मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

ज्यांना हे घरी करायचे आहे, त्यांनी आधी एक पाहावे. माझ्या गाडीत कोअर बाजूने सरकून निघाला. तुमच्या गाडीत त्यासाठी एसीचा कूलिंग कॉइल काढावा लागत असेल, तर आधी एसीवाल्याकडून गॅस काढून घ्या. आणि निघालेले कूलंट अंगणात उघडे ठेवू नका. ते गोड लागते, कुत्री पितात आणि मरतात.