घरचा सामना परक्या घरी

ऑगस्ट-सप्टेंबरात ताईकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होते. योसेमिटी झालं, गोल्डन गेट झाला, नापाचे द्राक्षमळे झाले. फोटो ज्यांना हवेत त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेच आहेत. इथे मला लिहायचंय ते १७ सप्टेंबर २०२५च्या बुधवारबद्दल, कारण त्या संध्याकाळचा राग आणि आनंद, दोन्ही अजून उतरलेले नाहीत.

गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज हा सॅन फ्रान्सिस्कोचा महिलांचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ, आणि २०२५ हा त्याचा पहिलाच हंगाम. त्याआधी डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या बास्केटबॉल लीगमध्ये नवा संघ आला होता तो २००८ साली, अटलांटा ड्रीम. मधली सतरा वर्षं या लीगनं नव्या कुणाला दार उघडलं नव्हतं. उलट आहेत तेच संघ बंद पडत होते. त्याही आधी, २००० साली एकदम चार नवे संघ घेतले, त्यातले मायामी आणि पोर्टलंड २००२च्या हंगामानंतर गुंडाळले. उत्तर कॅलिफोर्नियाचा आपला म्हणावा असा सॅक्रामेंटो मोनार्क्स २००५ साली अजिंक्य ठरला आणि २००९ साली बंद झाला. त्यामुळे या भागातल्या बास्केटबॉलवेड्या बायकांना नव्या संघाचं अप्रूप किती असेल याची थोडी कल्पना मला होती. थोडीच होती, हे संघाच्या घरच्या स्टेडियमला, चेस सेंटरला गेल्यावर कळलं.

तिथे पहिल्यांदा गेले ती ४ सप्टेंबरला. घरच्या गणपतीचं गौरींबरोबर विसर्जन झालं होतं, ताईचे पाय सुजले होते आणि तिला सोफ्यावरून उठायचं नव्हतं. भाची मात्र ऐकेना. ती शाळेच्या संघात खेळते, आणि मीही एके काळी पुण्यात कॉलेजकडून आणि मग विद्यापीठाकडून खेळले आहे, तेव्हा मावशी-भाची अशी जोडी निघालो. कॅलट्रेननं सॅन फ्रान्सिस्कोच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलो, मिशन क्रीकचा पूल ओलांडला आणि चालतच गेलो. पुलावर पुढेमागे सगळीकडे जांभळे शर्ट. आजीबाई जांभळ्या शर्टात, पोटाशी बाळ बांधलेली आई जांभळ्या शर्टात, ऑफिसातून सुटलेले पुरुष जांभळ्या शर्टात. बायकांचा सामना बघायला पुरुष इतक्या हौसेनं निघालेले मी आपल्याकडे पाहिलेले नाहीत. भारतीय संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची, पण तिचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेले पुणेकर किती निघतील?

आत १८,०६४ खुर्च्या आणि एकही रिकामी नाही. त्या हंगामात घरचे बावीसच्या बावीस सामने असेच भरले. प्रेक्षक या जागेला प्रेमानं बॉलहाला म्हणतात. त्या रात्री डॅलस विंग्जला ८४-८० असं हरवून व्हॅल्किरीज प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्ये पोचल्या. पहिल्याच वर्षी प्लेऑफ गाठणारा डब्ल्यूएनबीएच्या इतिहासातला हा पहिला नवा संघ. भाचीचा आवाज बसला. माझाही बसला.

संघ कसा उभा राहिला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर यात एवढं विशेष काय ते कळायचं नाही. नव्या संघाला खेळाडू मिळतात ते इतरांच्या संघातून. डिसेंबर २०२४मध्ये बाराही जुन्या संघांनी आपापल्या सहा खेळाडू राखून ठेवल्या आणि उरलेल्यांतून व्हॅल्किरीजनी प्रत्येकी एक उचलायची, असा नियम होता. त्यांनी अकरा उचलल्या. म्हणजे आधीच्या संघाच्या पहिल्या सहा जणींत जिचं नाव नव्हतं, अशा अकरा जणी. केला थॉर्नटन न्यूयॉर्कहून आली. २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडतात तेव्हा, तिला कुणीही घेतलं नव्हतं. इथे आली आणि ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडली गेली, आणि मग जुलैमध्ये सरावात गुडघा गेला, हंगाम संपला. व्हेरोनिका बर्टनला आधी डॅलसनं सोडून दिलं होतं. त्याच बर्टनला २०२५मध्ये सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कार मिळाला. जूनमध्ये युरोबास्केटसाठी इटली, फ्रान्स, ब्रिटन, बेल्जियमच्या मुली आपापल्या देशाकडून खेळायला गेल्या आणि इथला संघ ऐन हंगामात अर्धा रिकामा झाला. तरी शेवटी २३ विजय, २१ पराभव.

आणि या सगळ्यांना बांधणारी प्रशिक्षक नॅटली नाकासे. जपानी वंशाची, उंची पाच फूट दोन इंच. यूसीएलएमध्ये शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरली, पुढे जपानमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाची मुख्य प्रशिक्षक झाली, लास व्हेगास एसेसच्या दोन विजेतेपदांच्या वेळी साहाय्यक होती. डब्ल्यूएनबीएमधली ती पहिली आशियाई-अमेरिकन मुख्य प्रशिक्षक, आणि त्या हंगामाची सर्वोत्तम प्रशिक्षकही तीच. खेळाडूंच्या घोळक्यात ती दिसायचीच नाही, टाइम-आउटला घोळका तिच्याभोवती वाकायचा तेव्हा कळायचं की ती मध्ये आहे.

तर प्लेऑफ. समोर मिनेसोटा लिंक्स, ३४ विजय मिळवून अव्वल आलेला संघ. तीनातले दोन जिंकायचे. पहिला सामना मिनेसोटात, तिथे व्हॅल्किरीज १०१-७२ असा सपाटून मार खाऊन आल्या. दुसरा घरी.

पण घर कुठे होतं? चेस सेंटरमध्ये त्याच आठवड्यात लेव्हर कप, म्हणजे टेनिसची मोठी स्पर्धा, आधीपासून ठरलेली. बास्केटबॉलला जागा नाही. त्यामुळे पहिल्या वर्षातला सगळ्यात मोठा सामना व्हॅल्किरीजनी खेळायचा तो सॅन होजेच्या एसएपी सेंटरमध्ये, शार्क्स या आइस हॉकी संघाच्या घरी, पन्नास मैल दक्षिणेला.

ताईच्या घरापासून सॅन होजे जवळ, त्यामुळे घरात आनंदीआनंद. मला मात्र बातमी ऐकली त्या क्षणी घशाशी काहीतरी आलं. कॉलेजात आमचा सराव संध्याकाळी पाचला असायचा. मुलांची मॅच आली की आमचा सराव रद्द. मुलांचा सराव लांबला की आमचा रद्द. गॅदरिंगचा मंडप घालायचा असला की पहिला आमचाच कोर्ट. एकदा आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आम्ही एका कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, भिंतीवर खडूनं रिंग काढून नेमबाजी केली होती. 'तुम्ही कुठे एवढ्या पुढे जाणार आहात,' असं कुणी तोंडावर म्हणायचं नाही. तारखा ठरवताना मात्र ते धरूनच चालायचे. चेस सेंटरच्या तारखा कुणी, कधी, कशा दिल्या ते मला ठाऊक नाही. पण नवा संघ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टिकेल हे कुणी धरलं नव्हतं, एवढं तर उघड आहे.

बुधवारी भावोजीही आले. तिकिटं ताईनं काढली, किंमत काही केल्या सांगितली नाही. गाडीनं जायचा आग्रह भावोजींचा होता, तो आम्ही तिघींनी मोडून काढला. कॅलट्रेननं डिरिडन स्टेशनात उतरलं की रस्त्यापलीकडे स्टेडियम. मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, म्हणून ताईनं केलेली थालीपीठं फुटपाथवरच्या कठड्यावर बसून संपवली. शेजारी एक कुटुंब टाको खात बसलं होतं, त्यांच्या मुलीला आमचं लोणचं हवं झालं, दिलं. तिच्या बापानं आम्हाला गालावर लावायचे जांभळे स्टिकर दिले. भावोजींनीही लावून घेतला. अमेरिकेत पाहुणचार मला क्वचित असा सहज भेटला.

आत माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई. अंगात धुऊन धुऊन पातळ झालेला टी-शर्ट, छातीवर 'सॅन होजे लेझर्स' अशी अक्षरं, अर्धी उडालेली. मी विचारलं आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं. लेझर्स हा या गावचा बायकांचा व्यावसायिक संघ, १९९६ ते १९९८. अमेरिकन बास्केटबॉल लीग नावाच्या वेगळ्या लीगमध्ये खेळायचा. १९९८च्या डिसेंबरात, ऐन हंगामाच्या मध्यात, नाताळच्या तोंडावर ती लीगच दिवाळखोरीत निघाली. बाईंकडे पुढच्या सामन्यांची तिकिटं तशीच पडून राहिली. नंतर त्या मोनार्क्ससाठी सॅक्रामेंटोला गाडी हाकत जायच्या, तर तेही बंद. ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेली जेनिफर अ‍ॅझी लेझर्सकडून खेळायची. तीच आज व्हॅल्किरीजच्या व्यवस्थापनात आहे, हे सांगताना बाईंनी माझं मनगट धरलं होतं.

मी त्यांना विचारलं, सामना इथे हलवला याचा राग नाही आला? त्या म्हणाल्या, "आला ना. पण माझ्या गावात बायकांचा प्लेऑफ मी बघेन असं मला वाटलं नव्हतं." यावर मी काय बोलणार?

सामना सुरू झाला आणि परकं घर वगैरे सगळं विसरायला झालं. छप्पर उडेल असा आवाज. पहिल्या सामन्यात एकोणतीस गुणांनी हरलेला हाच संघ का, असं वाटावं इतक्या त्वेषानं व्हॅल्किरीज खेळत होत्या. मी बॉल सोडून बर्टनचे पाय बघत बसले. गुडघे शेवटपर्यंत वाकलेले, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या, एक हात समोरचीच्या बॉलवर आणि दुसरा पासच्या वाटेत उघडा. असा बचाव चाळीस मिनिटं करायचा म्हणजे मांड्या पेटतात. आमचे सर आम्हाला भिंतीला पाठ लावून बसवायचे ते याचसाठी. भाचीला कोपरानं ढोसून सांगितलं, बघ, बॉल नको बघूस, पाय बघ.

आघाडी सतरा गुणांपर्यंत गेली होती. शेजारच्या बाई आकडा मोठ्यानं म्हणत होत्या, जणू न म्हटला तर तो कमी होईल.

तो कमी झालाच. लिंक्सकडे नफीसा कॉलियरसारखी खेळाडू होती आणि प्लेऑफचा मुरलेला अनुभव होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमचे फटके आखूड पडायला लागले. पाय थकले की हात आखूड पडतात, हे खेळलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. आघाडी विरघळत गेली. शेवटचा फटका आमचा होता, गेला नाही. ७५-७४. एका गुणानं हंगाम संपला.

आणि मग जे झालं त्यासाठी हे सगळं लिहिलं. सामना हरला की लोक पार्किंगकडे धावतात, ही माझी माहिती. इथे कुणी हललं नाही. सगळे उभे होते, टाळ्या चालू होत्या, आणि 'जी-एस-व्ही, जी-एस-व्ही' चा गजर वरच्या रांगांमधून खाली आला आणि थांबेचना. ताई, जिला आधीच्या वेळी पाय सुजल्यामुळे यायचंच नव्हतं, ती खुर्चीला धरून उभी राहून ओरडत होती. ताईला मी ओरडताना लहानपणानंतर प्रथमच पाहिलं. शेजारच्या बाई टाळ्या वाजवता वाजवता रडत होत्या आणि रडू पुसायला हात मोकळे करत नव्हत्या. मीही रडले. आम्ही एवढ्या वर्षांत जिंकलेल्या सामन्यांना जेमतेम शंभर माणसं असायची. हरलेल्या बायकांसाठी भरलेलं स्टेडियम उभं राहिलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

परतताना डिरिडनच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, गाडी उशिरा, गारठा. भावोजी म्हणाले, टेनिसवाल्यांचा काय दोष, त्यांनी आधी जागा घेतली होती. टेनिसवाल्यांचा काहीच दोष नाही, मी म्हटलं. माझं म्हणणं एवढंच की संघ काढतानाच सप्टेंबरातल्या चार तारखा त्याच्या नावानं राखून ठेवायला हव्या होत्या. संघ पोचला नाही, तर सोडून द्यायच्या. पुरुषांच्या संघासाठी ही काळजी घेतात, तिथे कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

"अगं, एवढा मोठा हॉल. रिकाम्या तारखा ठेवायच्या म्हणजे पैशांचा प्रश्न असतो," भावोजी म्हणाले.

असेल. पण लीगमध्ये शिरायला ज्या संघानं पाच कोटी डॉलर भरले, त्याची किंमत पहिल्याच हंगामात स्पोर्टिको या क्रीडाव्यवसायाच्या संकेतस्थळानं पन्नास कोटी डॉलर लावली. नंतर आलेल्या क्लीव्हलँड, डेट्रॉइट, फिलाडेल्फियाला शिरण्यासाठीच पंचवीस-पंचवीस कोटी मोजायचे आहेत. आणि बावीस रात्री, दर रात्री १८,०६४ तिकिटं, हे पैसेही त्याच हॉलमध्ये मोजले गेलेत, भावोजी.