तुम्ही विचारलेत म्हणून: मोठ्या संकुलात भाड्याने राहावे का?

हिंजवडीच्या आय.टी. पार्कमध्ये नव्याने रुजू होणारे सहकारी, बदली होऊन पुण्यात येणारी कुटुंबे आणि नात्यातली नोकरीला लागलेली मुले-मुली मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. वाकड, पुनावळे, बाणेर, बालेवाडी या बाजूच्या उंच इमारतींच्या संकुलात घर भाड्याने घ्यावे, की एखाद्या जुन्या तीन मजली इमारतीत किंवा बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहावे? मी दोन्हीकडे राहिले आहे आणि गेली बरीच वर्षे संकुलांतच भाड्याने राहते आहे. माझे उत्तर असे की संकुलात जरूर राहावे. मात्र तिथे आपला संबंध कोणाकोणाशी येतो आणि त्यांपैकी कोण आपल्याला उत्तर द्यायला बांधील आहे, हे घर पाहायला जाण्याआधी समजून घ्यावे. संकुलातल्या भाडेकरूंच्या बहुतेक तक्रारी भिंती, नळ किंवा लिफ्ट यांच्या वाटतात, पण खोलात गेले की त्या या संबंधांच्याच निघतात.

आधी जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका बंगल्याच्या वरच्या खोलीत राहत होते. घरमालक खाली राहत आणि माणसे चांगली होती, परंतु मी रात्री किती वाजता आले, कोण भेटायला आले, दिवा किती वेळ जळत होता, या सगळ्यावर त्यांचे लक्ष असे आणि ते लक्ष मला सतत जाणवत असे. संकुलात आल्यावर ते ओझे उतरले. फाटकावर पहारेकरी असतो, जिन्यात आणि वाहनतळावर उजेड असतो, वीज गेली तर लिफ्टला जनरेटर असतो, आणि सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री परतणाऱ्या बाईला कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. नियम लिहिलेले असतात आणि निदान कागदावर तरी ते सर्वांना सारखे असतात. एकट्या राहणाऱ्या स्त्रीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि पोहण्याच्या तलावाच्या किंवा जिमच्या जाहिराती पाहून नव्हे, तर या कारणासाठी मी संकुलाची बाजू घेते. तलाव आणि जिम पहिले काही महिने वापरले जातात. पुढे मुलांचे खेळणे आणि संध्याकाळचे चालणे एवढेच नेमाने टिकते.

आता अडचणीची बाजू. बंगल्यात नळ गळला तर एकाच माणसाला सांगावे लागते. संकुलात तीन पक्ष असतात: सदनिकेचा मालक, सोसायटीची निवडून आलेली कमिटी, आणि कमिटीने कंत्राटावर नेमलेल्या देखभाल कंपनीचा मॅनेजर. यांपैकी मॅनेजर रोज दिसतो, पण तो कमिटीला उत्तर देतो. कमिटी सभासदांना उत्तर देते आणि भाडेकरू सभासद नसतो. मालकाशी आपला करार असतो खरा. पण तो पुष्कळदा बंगळुरूला, दुबईला किंवा अमेरिकेत असतो आणि त्याने ते घर गुंतवणूक म्हणून घेतलेले असते.

हे प्रत्यक्षात कसे घडते याचे एक उदाहरण देते. आमच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावरच्या घरात ओल उतरू लागली. खालच्या कुटुंबाने कमिटीकडे तक्रार केली. कमिटीने मॅनेजरला सांगितले, मॅनेजरने माणूस पाठवून पाहणी केली आणि काम सदनिकेच्या आतले असल्याने मालकानेच करून घ्यावे असा निरोप आमच्या दारात आणून दिला. मालक परदेशात होते; त्यांना आधी खर्चाचा अंदाज हवा होता. अंदाजासाठी फरशी उकलावी लागणार होती आणि फरशी उकलायला कमिटीची परवानगी मालकाच्या सहीनेच मिळत होती. या सगळ्यात रोज लिफ्टमध्ये खालच्या घरातल्या काकूंसमोर उभे राहणारी मी होते. कोणीही वाईट वागले नाही, तरीही ओल अनेक आठवडे तशीच राहिली, कारण ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना ती दिसत नव्हती आणि जिला दिसत होती तिच्याकडे अधिकार नव्हता.

नियम पाहिला तर मॅनेजरचे म्हणणे बरोबर होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या, म्हणजे सोसायट्यांच्या, आदर्श उपविधींनुसार (कारभारासाठी शासनाने घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार) पावसाचे पाणी, बाहेरचे सामाईक नळ आणि ड्रेनेजच्या वाहिन्या यांमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, आणि घराच्या आतल्या शौचालय, सिंक वगैरेंची गळती सभासदाने. ही विभागणी मला तेव्हा पाठ झाली आणि पुढे फार उपयोगी पडली. त्यानंतरच्या प्रत्येक घराच्या करारात मी एक कलम आग्रहाने घालून घेतले: घराच्या आतली ठरावीक रकमेपर्यंतची तातडीची दुरुस्ती भाडेकरूने करून घ्यावी, पावती मालकाला पाठवावी आणि ती रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करावी. याखेरीज, मॅनेजरकडे थेट तक्रार नोंदवण्याचा आणि दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज करण्याचा अधिकार भाडेकरूला दिल्याचे मालकाचे पत्र सोसायटीच्या दफ्तरी जमा करून ठेवावे. घरमालकांना हे पत्र द्यायला सहसा हरकत नसते, कारण त्यांचाही त्रास कमी होतो; फक्त ते मागावे लागते.

पाण्याचा विषय याहून कठीण आहे. पुण्याच्या पश्चिमेला आणि पूर्वेला खराडी-वाघोलीकडे इमारती जितक्या वेगाने उभ्या राहिल्या, तितक्या वेगाने महापालिकांचे पाणी पोहोचले नाही, आणि उन्हाळ्यात असंख्य संकुले टँकरवर चालतात. टँकर किती मागवायचे, पाणी किती वाजता सोडायचे, टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्ये धरायचा की वेगळा लावायचा, हे सर्वसाधारण सभेत ठरते. सभेला भाडेकरूला बसता येत नाही. उपविधींनुसार भाडेकरूला फार तर नाममात्र सभासद करून घेतात, आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात नाममात्र सभासदाला मत देण्याचा किंवा कमिटीवर येण्याचा अधिकार नाही. त्यामुळे सकाळी सहा ते आठ एवढेच पाणी सोडण्याचा निर्णय असे लोक घेऊ शकतात ज्यांतले काही त्या इमारतीत राहतच नाहीत, आणि ज्या घरात लहान मूल आहे त्या भाडेकरू कुटुंबाला तो निर्णय लिफ्टमधल्या सूचनेवरून कळतो.

मालकांची बाजूही मला मान्य आहे. रंगकाम, लिफ्ट बदलणे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांसाठीचा दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड ही त्यांची दीर्घकाळाची जबाबदारी आहे, आणि ११ महिन्यांनी जाणाऱ्या माणसाने त्यावर मत द्यावे असे मी म्हणणार नाही. परंतु पाण्याच्या वेळा, मुलांच्या खेळाची जागा, कचरा उचलण्याची वेळ, सर्व्हिस लिफ्ट कधी बंद ठेवायची, हे वापराचे प्रश्न आहेत आणि ते वापरणाऱ्याला विचारूनच ठरले पाहिजेत. याला कायदा बदलण्याची गरज नाही. मी सध्या राहते त्या संकुलात पाणी आणि कचरा यांसाठीच्या उपसमितीत भाडेकरूंनाही बोलावतात. मतदान नसते, केवळ म्हणणे ऐकून घेतात. एवढ्यानेही पाणी सोडण्याच्या वेळा शिफ्टमध्ये काम करणाऱ्या घरांचा विचार करून बदलल्या गेल्या. इतर कमिट्यांनी हे करून पाहावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

हे ११ महिने कुठून आले, हेही तरुण मुले विचारतात. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला घरातून काढणे जवळजवळ अशक्य केले. म्हणून मालक भाडेपट्ट्याऐवजी केवळ वापराचा परवाना देऊ लागले. १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून मालकांच्या मनात जी धास्ती बसली ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि करार वर्षाच्या आत, ११ महिन्यांपुरता ठेवण्याची सवयही तिच्यामुळेच टिकून आहे. वास्तविक सध्याच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तिला फारशी जागा उरलेली नाही. परवान्याची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणे ऐकायला शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे वापराच्या परवान्याचा, करार २४ किंवा ३६ महिन्यांचाही करता येतो आणि मालक भला असेल तर तो तसाच करावा. दर ११ महिन्यांनी दलाली, नवी वाढ आणि सामान हलवण्याची टांगती भीती या तिन्हींपासून सुटका होते, आणि मुलांच्या शाळेचा विचार केला तर या स्थैर्याचे मोल फार आहे.

करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुदतीचे एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते आणि अंगठ्याचा ठसा घरी बसून देता येतो. एवढ्या थोड्या खर्चासाठी नोटरीच्या कागदावर काम भागवू नये.

सोसायट्या भाडेकरूंवर जे वेगळे आकार लावतात त्यांबद्दल मी ठाम आहे. सदनिका भाड्याने दिली तर सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः तिथे राहत नसल्याबद्दलचा आकार) घेता येतात, पण राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. या मर्यादेला आव्हान दिले गेले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शिवाय हा आकार सभासदावर आहे. तो भाडेकरूने द्यायचा असेल तर तसे करारात ठरलेले असले पाहिजे. सामान आणताना आणि नेताना मागितली जाणारी हजारो रुपयांची ‘मूव्ह-इन’ रक्कम हा आणखी एक प्रकार. ती कोणत्या ठरावाने घेतली जाते आणि लिफ्टचे नुकसान झाले नाही तर परत मिळते का, हे लेखी विचारावे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देण्यासाठी सभासदाने सोसायटीला आगाऊ कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. अविवाहितांना घर देऊ नये असे त्या उपविधींत कोठेही म्हटलेले नाही. तरीही ‘फॅमिली की बॅचलर?’ हा पहिला प्रश्न एजंट फोनवरच विचारतो आणि कर्तबगार, सरळ वागणारी मुले-मुली कमिटीच्या नकारामुळे घरे शोधत फिरतात. हे मला अन्यायाचे वाटते. गोंगाटाचा नियम गोंगाट करणाऱ्याला लावावा, लग्न झालेले नसलेल्याला नव्हे.

फाटकावरच्या अॅपबद्दल थोडे. पाहुणा, कुरिअर, जेवणाचा डबा, सगळ्याला आपण मोबाइलवर होकार दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. मला खुपते ते वेगळेच. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची येण्या-जाण्याची प्रत्येक वेळ त्या अॅपवर नोंदली जाते, त्यांना तारे देता येतात, पण आम्हाला तारे देण्याची सोय त्यांना नाही. काही संकुलांत घरकामाच्या बायकांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी असा नियम आहे आणि सकाळी आठ वाजता त्या लिफ्टसमोर रांग लागते. भाडेकरू म्हणून हा नियम मला बदलता येत नाही. परंतु ताई माझ्याबरोबर असतील तर आम्ही एकाच लिफ्टने जातो, आणि पहारेकऱ्याने हटकले तर त्याला हे माझ्या जबाबदारीवर आहे असे मी सांगते.

डिपॉझिटचे भांडण मात्र बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचे भाडे घेतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात घरांसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचे भाडे कापण्याची प्रथा पडली आहे. ते कापायचे असेल तर करारात आकडा लिहून घ्यावा आणि ताबा घेताना प्रत्येक भिंत, नळ, गीझर व फर्निचर यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावीत.

घर पाहायला जाल तेव्हा शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, संध्याकाळी जा. एजंटला बाजूला ठेवून पहारेकऱ्याला आणि बाहेर पडणाऱ्या एखाद्या घरकामाच्या ताईंना टँकर किती येतात ते विचारा. मालकाकडून मेन्टेनन्सची मागची काही बिले मागा. त्यांत पाण्याचा, जनरेटरच्या डिझेलचा आणि थकबाकीवरच्या व्याजाचा वेगळा रकाना असतो. मालकाची थकबाकी दिसली तर ती आधी भरायला सांगा, कारण पुढे पार्किंगचा स्टिकर आणि अॅपवरची नोंद यांसाठी भाडेकरूलाच अडवले जाते. हे सगळे टोकनची रक्कम देण्यापूर्वी करा. ती दिल्यानंतर तुमच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची घाई कोणालाच नसते.