आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून कठपुतळीच्या डब्यापर्यंत

आमची प्रेस शहाद्याची. वडिलांनी ती लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर चालवली. २०२० मध्ये लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली, तिथे पत्रिका कोण छापणार? मशीनवर चादर टाकली.

धाकटा भाऊ त्याच काळात पुण्याहून घरी आला. रात्री मोबाइलवर मित्रांसोबत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचा. १९७४ पासूनचा हा अमेरिकन खेळ. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात, अडलं तिथे फासा टाकतात. आईने दोन रात्री ऐकलं आणि आमच्या अहिराणी भाषेत म्हणाली, "हाऊ ते बाहुल्यास्ना खेय शे!"

आई म्हणत होती ते सारंगखेड्याच्या बाहुल्यांबद्दल. एकमुखी दत्ताची यात्रा, तापीकाठी घोड्यांचा बाजार, आणि एका कडेला उभ्या खाटेला चादर बांधून राजस्थानी कठपुतळीवाला. धोबी-मगर, गारुडी-नाग, डोकं काढून झेलणारा जादूगार, आणि नागौरचा अमरसिंह राठोड. घोडे बघायला नेलेली आम्ही भावंडं तिथून हलायचो नाही.

ठरलं, बाहुल्यांचा असा खेळ करून त्याचं पुस्तक काढायचं. २०२३ च्या जानेवारीत त्या अमेरिकन खेळाचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुले झाले होते. श्रेय छापलं की वापरायला मोकळे. त्यावर मी अमरसिंहाची कथा चढवली. १६४४, शाहजहानचा दरबार, अमरसिंहाच्या हातून दरबारी सलाबतखानाचा खून, सगळं तारखांसकट. ऐंशी पानं झाली. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटली, ती निस्तरता निस्तरता पावसाळा गेला. एवढं करून भाच्यांनी अर्ध्या तासात पुस्तक मिटलं. "मामा, हाऊ ते इतिहासना पेपर शे."

डिसेंबरच्या यात्रेत ते पुस्तक एका कठपुतळीवाल्याला दाखवलं. तो चित्रं बघून हसायलाच लागला. आमच्या चित्रकाराने बाहुल्यांना पाय काढले होते! आंब्याच्या लाकडाचं डोकं, खाली लांब घागरा, पाय नसतातच. इतकी वर्षं बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी प्रथमच बाहुल्यांकडे न बघता ढोलकीवालीकडे बघितलं. कठपुतळीवाला दातांत बांबू-चामड्याची 'बोली' नावाची शिट्टी धरतो. त्यातून नुसती चिंची निघते, शब्द एकही नाही. ढोलकीवाली विचारते, "क्या बोला?" आणि पुन्हा चिंची झाली की स्वतःच अर्थ सांगते. पोरं हसतात ती तिच्या अर्थाला. आम्हाला लहानपणी बाहुल्या बोलतात असं वाटायचं, ते बोलणं सगळं तिचं होतं.

घरी येऊन ऐंशी पानं बाजूला ठेवली. आता सूत्रधार, म्हणजे गोष्ट चालवणारा, फक्त शिट्टी वाजवतो आणि हातवारे करतो. एक खेळाडू ढोलकीवाली. ती म्हणेल तो अर्थ, आणि बाकीच्या पात्रांना तो मानावाच लागतो. मात्र दरवेळी तिला कवड्या टाकाव्या लागतात. दान कमी पडलं, तर ऐकण्यात चूक झाली असं धरून तिने उलटाच अर्थ सांगायचा. पहिल्याच खेळात भाची ढोलकीवाली झाली आणि मगरीने धोब्याकडे उधारी मागितली. त्या अमेरिकन खेळाचे वीस बाजूंचे फासे बाहेरून मागवावे लागत होते, तो खर्चही वाचला. सहा कवड्या घेतल्या. प्रत्येक कवडी वेगळी पडते, त्यामुळे भावाने मांडलेलं संभाव्यतेचं गणित जुळत नाही. तो अजून कुरकुरतो. मला चालतं.

पात्रांना पाय नाहीत, म्हणून चालण्याचा नियमही नाही. कोणीतरी दोरी ओढली तरच जागा बदलते.

कथा लोकांची असल्यामुळे कोणाची परवानगी लागत नव्हती. तरी खेळाच्या, म्हणजे पत्ते आणि शिट्टीच्या, प्रत्येक डब्यामागे ठरलेली रक्कम त्या कठपुतळीवाल्याच्या कुटुंबाला जाते, आणि ढोलकीवालीचं नाव त्यांच्याच घरातल्या बाईंना विचारून ठेवलंय. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने पहिले डबे परत पाठवले, "अहिराणी कोण वाचणार" म्हणून. आता खेळाच्या पत्त्यांवर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला अहिराणी छापतो.

पत्रिकांचं काम परत सुरू झालंय. पोट त्यावरच आहे. लग्नसराई संपली की मशीनवर पत्ते चढतात. शिट्ट्या मात्र अजून आई हाताने बांधते, आणि प्रत्येक वाजवून बघितल्याशिवाय डब्यात टाकू देत नाही, त्यामुळे दुपारी प्रेसमध्ये फोनवर बोलणं मुश्कील झालंय.