काउंटरमागची ग्लेंडा

ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सनला दोन ऑस्कर मिळाले. दोन्ही सोहळ्यांना ती गेली नाही, आणि पुतळे आले ते आईच्या घरी राहायला गेले. आईने ते घासून घासून इतके लखलखीत ठेवले की वरचा सोन्याचा मुलामाच उडाला. लोकांच्या घरची साफसफाई करून चार मुली वाढवलेली ती बाई. देव्हाऱ्यातले देव घासावेत तसे तिने ते पुतळे घासले असतील, असं माझ्या मनात येतं, आणि दर वेळी गळा दाटतो.

मी बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. ग्लेंडाबद्दल वाचायला लागले आणि अडकले ती एका ठिकाणी. सोळाव्या वर्षी शाळा सुटल्यावर ती दोन वर्षं 'बूट्स'मध्ये, म्हणजे तिकडच्या औषधांच्या दुकानात, कामाला होती. लेखांमधून ही दोन वर्षं एका ओळीत उरकतात. मला ती एका ओळीची वाटत नाहीत. काउंटरमागे उभं राहिलं की माणूस आवाजावरून कळायला लागतो. एखादी बाई इकडेतिकडे बघून अगदी हळू आवाजात मागते. एखादा काही न बोलता चिठ्ठी पुढे सरकवतो. कुणी आख्खी पट्टी परवडत नाही म्हणून चारच गोळ्या कापून मागतो, आणि त्या मागताना आवाज मुद्दाम चढा ठेवतो. हे रोज पाहिलेली मुलगी पुढे रंगमंचावर उभी राहिली, तर तिच्या बोलण्यात ते उतरणारच.

तिचा जन्म ९ मे १९३६ चा, बर्कनहेडचा. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे हे गाव. वडील गवंडी, ही चौघी बहिणींत थोरली. हौशी नाट्यमंडळात कामं करता करता १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत पोचली. तिथे तिला सांगण्यात आलं की तू चरित्र भूमिका करणारी नटी आहेस, चाळिशीपर्यंत फार कामाची आशा धरू नकोस. पुढची बरीच वर्षं फिरत्या-छोट्या नाटक कंपन्यांत आणि मधूनमधून बेकारीत गेली. १९६४ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रूकने तिला हेरलं. त्यानंतर सगळं भराभर झालं. 'विमेन इन लव्ह'साठी पहिला ऑस्कर मिळाला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, म्हणजे चाळिशीला अजून सहा वर्षं बाकी होती.

१९७१ मध्ये बीबीसीने 'एलिझाबेथ आर' दाखवलं. सहा भाग, त्यात राणी पहिली एलिझाबेथ, मुलगी असल्यापासून म्हातारपणापर्यंत. राणीचं ते उंच, उघडं कपाळ दिसावं म्हणून ग्लेंडाने टोपाखाली लपवाछपवी केली नाही, पुढचे केस सरळ भादरून टाकले. मी ते सलग दोन रात्रींत पाहिलं. शेवटच्या भागात चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा जाड थर आहे, हलायला फारसं काही उरलेलं नाही, आणि तरी डोळ्यांतून सगळी भीती बाहेर येते. त्याच वर्षी तिने मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीबरोबर टीव्हीवर क्लिओपात्राचा एक प्रवेश केला. तो पाहूनच तिला 'अ टच ऑफ क्लास' हा चित्रपट मिळाला, आणि त्यातून दुसरा ऑस्कर.

मग १९९२. पंचावन्न वर्षांची असताना अभिनय सोडून ती मजूर पक्षातर्फे निवडणुकीला उभी राहिली. पक्ष देशभरात हरला, पण लंडनमधली हॅम्पस्टेड आणि हायगेटची जागा तिने हुजूर पक्षाकडून खेचून घेतली. तेवीस वर्षं ती खासदार होती. १९९७ ते ९९ वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री होती. २००३ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने इराकवर युद्ध करायचं ठरवलं, तेव्हा तिने विरोधात मत दिलं. २०१० ची निवडणूक ती फक्त ४२ मतांनी जिंकली. 'नटी राजकारणात गेली' असं तिच्याबद्दल म्हणतात ते मला पटत नाही. शोभेला बसणारी माणसं तेवीस वर्षं टिकत नाहीत.

तिचं सगळ्यात गाजलेलं भाषण १० एप्रिल २०१३ चं. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना जाऊन दोन दिवस झाले होते आणि हाऊस ऑफ कॉमन्समध्ये श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा मी ते मोबाइलवर पाहिलं. ही उभी राहिली आणि थॅचर यांच्या काळात लोकांचं काय झालं ते बोलायला लागली. दुकानांच्या दारात रात्री झोपणारी माणसं, मोडकळीला आलेल्या शाळा. लहानपणापासून जे दुर्गुण म्हणून शिकवलं, तो लोभ आणि आपलपोटेपणा, तेच या काळात सद्गुण ठरले, असं ती म्हणाली. समोरून आरडाओरडा सुरू झाला, एका सदस्याने हरकत घेतली. सभापतींनी ती फेटाळली.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे माझ्यावरही बिंबवलेलं आहे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना मी अस्वस्थ झाले. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा शेवटाकडे कान गेला. युद्धाच्या काळात घरं आणि कारखाने दोन्ही सांभाळणाऱ्या बायकांनी मला वाढवलं, असं ती सांगते. थॅचर यांना पहिली महिला पंतप्रधान म्हणा, पण माझ्या हिशेबी ती बाई नव्हे, हे तिचं अखेरचं वाक्य त्या बायकांच्या वतीने आहे. फडकं घेऊन पुतळे घासणारी आई त्यांतलीच. आता मला वाटतं, ते त्या दिवशी सभागृहात कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

२०१५ मध्ये खासदारकी सोडली. पुढच्याच वर्षी, ऐंशी वर्षांची झाल्यावर, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात तिने शेक्सपिअरचा किंग लिअर केला. राणी नाही, राजाच. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला 'थ्री टॉल विमेन' या नाटकासाठी टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळवला आणि २०१९ मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा लिअर. दिवसभर उभं राहिल्यावर माझे पाय काय म्हणतात ते मला माहीत आहे, म्हणून हे वाचताना मी वय पुन्हा मोजून पाहिलं होतं.

पण माझी ग्लेंडा 'एलिझाबेथ इज मिसिंग'मधली. २०१९ चा बीबीसीचा चित्रपट, बाफ्टा हे ब्रिटनचं टीव्ही पारितोषिक तिला मिळालं ते यासाठी. मॉड नावाच्या म्हातारीला विसरायला होतंय, मैत्रीण हरवलीय असं तिला वाटतंय, आणि तिच्या खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. चिठ्ठी काढून वाचताना ग्लेंडाच्या चेहऱ्यावर आधी नुसता संताप येतो, स्वतःवरचा. केविलवाणं होणं ती शक्य तितकं पुढे ढकलते.

आमच्याकडे एक आजोबा येतात. शर्टाच्या खिशात चार घड्यांची चिठ्ठी. महिन्यातून दोनदा तीच औषधं मागतात आणि मी "आजोबा, परवाच नेलीत" म्हटलं की असेच संतापतात. पूर्वी मी ते पटकन सांगून मोकळी व्हायचे. हा चित्रपट पाहिल्यापासून आधी चिठ्ठी हातात घेते, पूर्ण वाचते, त्यांना बसायला स्टूल देते, आणि मग त्यांच्या मुलाला फोन लावते.

ग्लेंडा १५ जून २०२३ ला गेली, लंडनमध्ये, सत्याऐंशीव्या वर्षी. मायकेल केनबरोबरच्या शेवटच्या चित्रपटाचं काम तिने पूर्ण केलं होतं. तो ऑक्टोबरमध्ये आला. अजून पाहायचा राहिलाय. या रविवारी दुकान अर्धा दिवस असतं, तेव्हा पाहणार आहे.